खांद्यावरची चार बोटं

"हा हात कुणाचा?"

बाळ फोटोवाल्याने भिंग फोटोवर टेकवलं होतं आणि एक डोळा मिटून तो काउंटरवर वाकला होता. नावाला बाळ, वयाने पन्नाशीचा. मुलुंड पूर्वेच्या अर्ध्या लग्नांमध्ये यानेच लोकांना हसा म्हणून सांगितलेलं.

नंदकिशोरही वाकला. फोटोत नाना हसत होते. नुसते ओठांनी नव्हे, चांगले मान मागे टाकून, डोळे मिटून, पुढचा पडलेला दात दाखवत. आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर मागून आलेली चार बोटं होती. बस्स, चार बोटं. त्यांना ना मनगट होतं, ना मागे माणूस.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"कमाल आहे. वडील तुमचे, खांदा वडिलांचा, आणि हात कुणाचा ते ठाऊक नाही?"

"मोठा ग्रुप फोटो होता. नानांच्या साठीचा. भिंतीला ओल आली आणि सगळा काचेला चिकटला. एवढाच तुकडा सुटला."

"निगेटिव्ह?"

"ज्याने काढला तो भांडूपचं दुकान विकून गावी गेला."

बाळने भिंग सरकवलं. "या पहिल्या बोटाचं टोक बघा. तिरकं कापल्यासारखं दिसतंय. ओलीनेच खाल्लं असणार."

"हात काढून टाकता येईल का?"

"येईल की. ब्रशने करावं लागेल, पण असा खांदा करून देतो की त्यावर जन्मात कुणी हात ठेवला नव्हता. आठ दिवस लागतील."

"तीन दिवसांवर तेरावं आहे."

"मग असाच मोठा करून फ्रेम देतो. झेंडूचा जाड हार घाला, बोटं झाकतील. तेरावं झालं की संध्याकाळी मीच येऊन घेऊन जातो."

नंदकिशोरने मान हलवली आणि डोक्यावरची टोपी नीट केली. सकाळीच दहावं उरकलं होतं, गोटा ताजा होता. कावळा पिंडाला पहिल्याच मिनिटाला शिवला होता. त्यात नवल नव्हतं. नानांनी हयातीत कुणाला पानावर ताटकळत ठेवलं नव्हतं.

आता हे नाना म्हणजे लवू साटम. मालवणकडून सोळाव्या वर्षी मुंबईत आले, बेचाळीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले आणि त्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा कमावला की मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात ते कुजबुजले तरी तळमजल्याला कळायचं. घर दोन खोल्यांचं. त्यात गावाहून आलेली माणसं कायम. एकदा मे महिन्यात घरात अकरा पाहुणे झाले तेव्हा नानांनी झोपायच्या वेळी जाहीर केलं होतं, "ज्याला झोप येत नसेल त्याने उभं राहावं. तेवढीच जागा वाचेल." छत्री त्यांच्याकडे कधी पंधरा दिवस टिकली नाही. भिजून घरी यायचे, आणि छत्री कुठे म्हणून विचारलं की सांगायचे, "कामावर गेलीय." सोसायटीचा वॉचमन दुपारी पेंगला तर त्याला उठवायचं सोडून स्वतः त्याच्या स्टुलावर काठी घेऊन बसायचे आणि येणाऱ्या सेल्समनला दटावायचे, "हळू बोला, साहेब झोपलेत." शेवटच्या आजारात डॉक्टरांनी विचारलं, "नाना, काही त्रास?" तर म्हणाले, "मला कसला? त्रास तुम्हाला होतोय, मी बरा होत नाही म्हणून."

लोक हे सांगून सांगून हसायचे. नंदकिशोरही हसायचा, पण जरा उशिरा. तो ट्रॉम्बेला अणुकेंद्रात ड्राफ्ट्समन होता. रेघ सरळ आहे की नाही याच्याशी त्याचा जन्माचा संबंध. सदतीस वर्षांत त्याने एक विनोद केल्याची नोंद कुणाकडे नव्हती. "हा आमच्या घरात सरकारी जन्मला," नाना कौतुकाने सांगायचे.

तर फोटोची पंचाईत अशी की पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात त्रेचाळीस फोटो निघाले आणि एकातही नाना एकटे नव्हते. कुठे कडेवर कुणाचं तरी पोर. कुठे कुणाला तरी ओढून मध्ये आणताना. दोन फोटोंत तर नानांची पाठच होती, ते मागच्यांना पुढे बोलवत होते. रेल्वेच्या पासासाठी म्हणून एक तरी फोटो एकट्याचा असेल असं वाटलं, तर त्याची कथा निराळीच. गिरणीतले जोडीदार दशरथकाका तेव्हा नुकतेच गावाहून आलेले, फोटोला पैसे नाहीत. नानांनी दोघांचा मिळून एकच फोटो काढला आणि मधोमध कात्री मारली. कात्री जरा तिरकी गेली आणि नानांचा डावा कान दशरथकाकांच्या पासावर गेला. वर्षभर नानांनी एका कानाने प्रवास केला. टीसीने हटकलं तर म्हणायचे, "दुसरा मागच्या डब्यात आहे."

सगळे हसायचे, पण नंदकिशोरने त्या डब्याचं झाकण न हसता लावलं होतं. त्याला वडील कधी एकटे मिळालेच नव्हते. मॅट्रिकच्या निकालाला नाना आले ते चौघांना घेऊन. साठीच्या दिवशीसुद्धा सगळं जग फोटोला उभं राहिलं आणि याला पाठवलं बर्फ आणायला. घामाघूम होऊन लादी घेऊन परतला तरी खाली फोटो चालूच होता. तो धावत रांगेकडे निघाला, तर नाना बसल्या जागेवरून ओरडले, "आधी बर्फ आत ठेव, वितळतोय!" तो आत जाऊन आला तोवर रांग मोडली होती. ते त्याला अजून लागलेलं होतं. म्हणून आता त्याला भिंतीवर एक फोटो हवा होता, ज्यात फक्त त्याचे वडील असतील आणि त्यांना कुणी धरलेलं नसेल.

घरी आल्यावर त्याने आईला हे सांगितलं. शेवंतीबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"राहू दे की," त्या म्हणाल्या. "तुझं काय खातोय तो हात?"

"आई, सगळा जन्म लोकांनी नानांना वाटून घेतलं. भिंतीवर तरी ते आपले असू देत."

त्यांची बोटं सुपात थांबली.

"कुणाचा हात आहे तो? तुला आठवतं?"

"असेल कुणाचा तरी. माणसं काय कमी होती?" त्या पुन्हा निवडायला लागल्या. "तू आता घरात मोठा. तुला बरं वाटेल ते कर."

आणि त्यांनी एक चांगला अख्खा तांदूळ खडा समजून बाजूला टाकला.

तेराव्याला फोटो भिंतीवर चढला. नीलाने, म्हणजे नंदकिशोरच्या बायकोने, मनगटाएवढा जाड हार आणला. बोटं झाकली. नंदकिशोरने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. तेवढ्यात हार आपल्या वजनाने डावीकडे घसरला आणि चार बोटं बाहेर आली. नीलाने हार सारखा केला. तो उजवीकडून सुटला. तिने टाचणी लावली. टाचणी निघाली.

"जाऊ दे गं," नंदकिशोर म्हणाला, "कोण बघतंय."

पहिलं बघितलं ते भाऊरावांनी. तळमजल्यावर राहणारे, सोसायटीचे सेक्रेटरी, चष्मा पुसल्याशिवाय कुठलीही गोष्ट न मानणारे. त्यांनी चष्मा पुसला, नमस्कार केला, आणि नमस्कार अर्धवट ठेवून म्हणाले, "अरे, हा तर माझा हात!"

"तुमचा?"

"मग कुणाचा? साठीला खुर्च्या मी मोजून बारा आणल्या होत्या. नानांनी स्वतःची खुर्ची दुसऱ्याला दिली आणि आपण उपड्या टोपावर बसले. मी मागे उभा राहिलो आणि म्हटलं, नाना, सरळ बसा. तेव्हा ठेवला हा हात. हे तिरकं बोट बघ. चाळीस वर्षं टाक धरून झालंय ते."

नंदकिशोरने मान डोलावली. एकवेळ तेही चाललं असतं. पण पाठोपाठ भजनी मंडळाचे पखवाजवाले आले आणि बुंदीचा लाडू हातात तसाच ठेवून फोटोसमोर थबकले. "भाऊराव, तुमचा कसा असेल? ही बोटं वाजवणाऱ्याची आहेत. बघा कशी मोकळी पडलीत. तुमची बोटं पावती फाडणाऱ्याची."

"पावती फाडायलाही बोटं लागतात!"

जेवणाची पंगत बसेपर्यंत हाताला चार मालक झाले. पंगत उठेपर्यंत सहा. प्रत्येकाकडे त्या दिवसाची हकीकत होती आणि प्रत्येक हकीकतीत नाना त्याच्याशीच काहीतरी बोलले होते. एकाकडे त्यांनी मुलीच्या सासरची चौकशी केली होती. एकाला, तुझ्या घामाचा वास फोटोत येईल, असं म्हटलं होतं. तो माणूस हे सांगताना हसला, मग त्याने डोळे पुसले, मग तिसऱ्यांदा मठ्ठा मागितला.

शेवटी आले दशरथकाका. सत्तरी ओलांडलेले, कळव्याहून बस बदलत बदलत आलेले. सगळं भांडण त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं.

"ह्यो हात माझो," ते म्हणाले. "नानाचो कान माझ्याकडे आसा. मगे हात दुसऱ्या कोणाचो आसतलो?"

या युक्तिवादावर भाऊरावांनी घसा साफ केला. सेक्रेटरीच ते, सभा हाताबाहेर जायला लागली की त्यांना ठराव सुचायचा.

"प्रत्यक्ष पुरावा घेऊ. एकेकाने पुढे यायचं आणि काचेवर हात लावायचा. ज्याची बोटं जुळतील त्याचा हात."

आणि खरंच रांग लागली. सात म्हातारे, धुतल्या सदऱ्यातले, उजवा हात वर धरून फोटोसमोर उभे राहिले. कोर्टात शपथ घ्यायला आल्यासारखे. एकाची बोटं आखूड पडली, एकाची जाड. पखवाजवाल्यांनी बोटं जुळावीत म्हणून हात तीन वेळा फिरवला तेव्हा भाऊरावांनी हरकत घेतली. दशरथकाकांनी डावा हात लावला, आणि फोटोतला उजवा आहे हे दाखवून दिल्यावर म्हणाले की फोटोत सगळं उलटं येतं. नीला तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. दारात शेवंतीबाई उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. एकेक हात काचेवर टेकत होता तसा बघत होत्या.

नंदकिशोरचा मात्र संयम सुटला. तेराव्याला, बापाच्या फोटोपुढे, हा काय तमाशा.

"पुरे झालं आता," तो मोठ्याने म्हणाला. "हा हात कुणाचाही नाही. आज संध्याकाळी फोटो स्टुडिओत जाणार आहे आणि हात निघणार आहे."

सात हात खाली आले.

"काढतलंस?" दशरथकाकांनी विचारलं.

"हो, काका."

म्हाताऱ्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुनाट पास काढला. त्यावर तरुण दशरथ टक लावून बघत होता आणि त्याच्या गालाला चिकटून एक जास्तीचा कान होता. काकांनी तो पास टीपॉयवर ठेवला.

"मगे ह्यो कान पण घे. तुमचोच आसा."

नंदकिशोरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने पास उचलला, काकांच्या हातात परत दिला आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. पण हात राहू देतो, असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मंडळी एकेक करून चपला शोधायला लागली.

साडेचारला घर रिकामं झालं. नीला पोरांना घेऊन भांडी परत करायला खाली गेली. नंदकिशोर खुर्चीत बसून राहिला. भिंतीवर नाना हसत होते आणि त्यांच्यावर सात माणसांच्या पंज्यांचे तुपकट ठसे उमटले होते. लाडवाचा एक कणसुद्धा काचेला चिकटला होता, नेमका कपाळावर.

शेवंतीबाई ओलं फडकं घेऊन आल्या. हार काढून त्यांनी बाजूला ठेवला. एवढ्याशा उंचीच्या बाई, टाचा उंच करून काच पुसायला लागल्या. आधी कपाळ. मग गाल. मग खांदा. तोल सांभाळायला त्यांनी उजवा हात फोटोवर टेकवला आणि डाव्याने पुसू लागल्या.

नंदकिशोर उगाच बघत होता. बघता बघता त्याची नजर त्यांच्या बोटांवर ठरली.

आईच्या उजव्या तर्जनीचं टोक तिरकं होतं. तो पाचवीत असताना नानांनी ऐन वेळी वीस माणसं जेवायला आणली होती आणि घाईघाईत नारळ खवताना विळी लागली होती. हे त्याला माहीत होतं. सदतीस वर्षं तो त्याच हाताचं खात आला होता. त्या बोटाने त्याच्या कपाळाला दर वाढदिवसाला कुंकू लावलं होतं आणि ते दर वेळी जरासं तिरकं लागलं होतं.

आत्ता ते बोट काचेवर टेकलेलं होतं. काचेच्या आत दुसरं बोट होतं. दोन्हींची टोकं एकाच बाजूला उतरलेली. ज्याने आयुष्यभर रेघा जुळवल्या त्याला यासाठी पट्टी लागली नाही.

त्या दिवशी या मनगटात बांगड्या असणार, आता नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

त्याला आपल्या आईवडिलांनी एकमेकांना हात लावलेला कधी आठवेना. चारचौघांत ती त्यांचं नावसुद्धा घेत नसे. 'हे' म्हणायची, तेही भिंतीकडे बघून.

"आई," तो म्हणाला, "साठीच्या फोटोत तू कुठे होतीस?"

फडकं थांबलं.

"मागे. बायकांसाठी बाक आणलं होतं भाऊरावांनी. त्यावर बसले होते."

"मग हात कसा आला?"

त्या वळल्या नाहीत. "बाक डुगडुगत होतं, एक पाय आखूड होता त्याचा. माणसांनी भरलेलं, मी मधोमध. आधाराला काही नव्हतं. ह्यांचा खांदा समोर होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "लगेच काढणार होते मी."

"मग?"

"ह्यांनी मागे बघितलंसुद्धा नाही. जन्मात एकदाच हळू म्हणाले, राहू दे, धरून ठेव. मी फोटोवाल्याला घाई करू देत नाही." त्यांनी फडक्याची घडी बदलली. "आणि मग त्या बिचाऱ्याला काय छळलं. ऊन डोळ्यांवर येतंय. अमका दिसत नाही. आता ह्याला पुढे घे. पुन्हा काढ. अर्धा तास. सगळे हसत होते, ह्यांची नेहमीची मस्करी म्हणून. तू बर्फ घेऊन परत आलास तरी आमचं चालूच होतं."

नंदकिशोरला ती बर्फाची लादी आठवली. खांद्यावरून पाठीत ओघळणारं गार पाणी आठवलं, आणि आपण रांगेकडे धावलो तेव्हा नाना ओरडले होते तेही. त्यांनी आपल्याला हाकललं असंच तो सात वर्षं धरून बसला होता. एक माणूस नव्याने रांगेत घुसला असता तर सगळी रांग हलली असती आणि खांद्यावरचा तो हात सुटला असता, हे त्याला आत्ता सुचत होतं.

"तू आज बोलली का नाहीस? सात जण भांडत होते."

"भांडू देत की." त्यांनी नानांच्या खांद्यावरून फडकं पुन्हा एकदा फिरवलं, तिथे काही डाग उरला नव्हता तरी. "त्यांनाही बरं वाटत होतं. माझं काय, मला ठाऊक आहे ना."

आणि फडकं पिळायला त्या आत गेल्या.

सहाच्या सुमारास बाळ फोटोवाला आला. बगलेत जुनं वर्तमानपत्र आणि सुतळी घेऊनच आला होता. दारातूनच त्याने फोटोकडे पाहिलं.

"हार घसरला वाटतं. म्हटलं होतं जाड आणा. चला, उतरवा. पुढच्या रविवारी खांदा साफ करून आणून देतो."

नंदकिशोर खुर्चीतून उठला. भिंतीपाशी गेला, फोटो दोन्ही हातांनी धरला, किंचित वाकडा होता तो सरळ केला, आणि तसाच सोडून मागे आला.

"हात राहू द्या, बाळभाऊ."

"अहो, परवा तर... का? मालक सापडला की काय?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. नंदकिशोरने एकदा त्या दाराकडे पाहिलं.

"सापडले," तो म्हणाला. "सात आहेत. आता काढायचा म्हणजे प्रत्येकाची सही लागेल. भाऊराव जनरल बॉडी मीटिंग लावतील, कोरम होणार नाही आणि तुमचा ब्रश वाळून जाईल."

बाळ त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. ट्रॉम्बेच्या या माणसाकडून त्याने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. आत काहीतरी खणकन पडलं आणि पाठोपाठ एक आवाज आला. तो हुंदका होता की हसणं ते बाळला काही कळलं नाही. तेरा दिवसांत नंदकिशोरने मात्र आईला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

"नंदू," आतून शेवंतीबाई म्हणाल्या, "त्यांना चहा विचार. आणि बसायला खुर्ची दे, स्टूल नको. त्याचा पाय डुगडुगतो."